ऐकून घेण्याचे सेवाकार्य
संकटग्रस्तांसाठी असलेल्या टेलिफोन-सेवेची वाढ व तिचा पाळकीय सेवेशी संबंध

रात्री उशिरा पाळकाच्या दाराची कडी वाजते आणि उंबरठ्यावर उभा असलेला मनुष्य ‘सहज आलो होतो’ एवढेच म्हणतो. अशा अवेळी सहज कोणी येत नाही, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. तरीही आपल्यापैकी बहुतेकजण त्या वेळी काय करतात? खुर्ची देतात, घरच्यांची विचारपूस करतात, एखादे स्तोत्र वाचतात, प्रार्थना करतात आणि निरोप देतात. जे सांगण्यासाठी तो आला होता ते तसेच त्याच्याबरोबर परत जाते. जीव नकोसा झालेल्या माणसाशी कसे बोलावे, याहीपेक्षा त्याचे कसे ऐकावे, हे शिकण्यासाठी आपल्या अभ्यासक्रमात फार थोडे तास मिळतात. उपदेश कसा करावा यासाठी मात्र वर्षे मिळतात.

आज जगभर पसरलेल्या संकटकालीन टेलिफोन-सेवेचा इतिहास पाळकांनी व धर्मशिक्षकांनी वाचण्यासारखा आहे, तो याच कारणासाठी. या सेवेच्या सर्वांत नावाजलेल्या शाखेचा आरंभ एका पाळकाने केला. परंतु तिची खरी वाढ झाली ती तो पाळक बाजूला सरकल्यावर. यांतील पहिली गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. दुसरी मात्र सहसा सांगत नाही.

लिंकनमधील एक अंत्यविधी

एडवर्ड चॅड व्हारा यांचा जन्म १९११ साली इंग्लंडमधील लिंकनशर परगण्यात एका अँग्लिकन पाळकाच्या घरी झाला. १९३५ साली लिंकन येथे साहाय्यक पाळक असताना त्यांच्यावर अंत्यविधी चालविण्याचा पहिला प्रसंग आला. मृत मुलगी शाळकरी वयाची होती. तिला प्रथमच ऋतुप्राप्ती झाली होती. तो आपल्याला जडलेला गुप्तरोग आहे अशी तिची समजूत झाली, आणि विचारावे असे तिला कोणीच नव्हते. तिने आपले जीवन संपविले.

त्या काळी इंग्लंडात आत्महत्येचा प्रयत्न हा कायद्याने गुन्हा होता, आणि १९६१ पर्यंत तो तसाच राहिला. मंडळीची भूमिकाही सौम्य नव्हती. अँग्लिकन मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात, स्वतःचा जीव घेणाऱ्यांसाठी दफनविधीची उपासना वापरू नये अशी सूचना होती. म्हणजे ज्याला जगणे असह्य झाले आहे त्याने बोलावे तरी कोणाजवळ? पोलिसांजवळ बोलावे तर खटल्याची भीती, पाळकाजवळ बोलावे तर निषेधाची. व्हारा यांच्या मनात त्या थडग्यापाशी जे घर करून राहिले ते असे की, ही मुलगी कोणत्याही पापामुळे गेली नाही. एक प्रश्न न लाजता विचारता येईल असे एकही माणूस जवळ नसल्यामुळे गेली.

त्यानंतरची अठरा वर्षे त्यांनी तरुणांना लैंगिक विषयांची माहिती देण्याचे काम केले व त्यासाठी मंडळीत पुष्कळ नाराजीही ओढवून घेतली. उदरनिर्वाहाला जोड म्हणून ते ‘ईगल’ या मुलांच्या चित्रकथा-साप्ताहिकासाठी लेखनही करीत. लंडन शहरात दररोज सरासरी तिघेजण आत्महत्या करतात, असे त्यांच्या वाचनात आले. आग लागली किंवा अपघात झाला तर ज्याप्रमाणे टेलिफोन करून मदत मागविता येते, त्याप्रमाणे या लोकांना का मागविता येऊ नये, असा साधा प्रश्न त्यांना पडला.

तथापि ते त्या वेळी दाट वस्तीच्या क्लॅपहॅम जंक्शन भागात पाळक होते आणि दैनंदिन कामातून त्यांना उसंत नव्हती. १९५३ साली लंडनच्या व्यापारी पेठेतील सेंट स्टीफन वॉलब्रुक या मंडळीवर त्यांची नेमणूक झाली. सतराव्या शतकात ख्रिस्तोफर रेन यांनी बांधलेले हे मंदिर सुंदर खरे. पण भोवती पेढ्या व कचेऱ्या, राहती वस्ती जवळजवळ नाही. एखाद्या महत्त्वाकांक्षी पाळकाला ही नेमणूक वनवासासारखी वाटली असती. व्हारा यांना तिचा उपयोग नेमका याच कारणासाठी झाला. ‘मॅन्शन हाऊस ९०००’ या क्रमांकावर २ नोव्हेंबर १९५३ रोजी पहिला टेलिफोन आला.

चहा देणारी माणसे

आरंभीची कल्पना अशी होती की, संकटात सापडलेल्याने टेलिफोन करावा, व्हारा यांनी त्याला भेटीची वेळ द्यावी आणि समुपदेशन करावे. ते स्वतः या कामात अनुभवी होते. वर्तमानपत्रांनी बातमी छापली आणि टेलिफोनची व येणाऱ्यांची रीघ लागली. त्याबरोबरच दुसऱ्या प्रकारची माणसेही येऊ लागली. आम्हालाही काही मदत करू द्या, असे म्हणणारे हे सामान्य गृहस्थ व स्त्रिया होत्या. त्यांच्याजवळ मानसशास्त्राचे शिक्षण नव्हते. त्यांना काय काम द्यावे? बाहेर ताटकळणाऱ्यांना चहा-कॉफी द्यावी, त्यांच्याजवळ बसावे, एवढेच काम त्यांना देण्यात आले.

काही आठवड्यांतच एक चमत्कारिक गोष्ट निदर्शनास आली. बाहेर बसलेले लोक चहा घेता घेता त्या अशिक्षित म्हणावयाच्या स्वयंसेवकांजवळ आपले मन मोकळे करीत, आणि त्यांतील कित्येकजण आत न येताच, आता पाळकसाहेबांना भेटण्याची आवश्यकता वाटत नाही असे सांगून घरी जात. जे आत येत त्यांचेही काम पुष्कळसे बाहेरच झालेले असे.

कोणताही तज्ज्ञ अशा प्रसंगी दुखावला जाण्याचा संभव असतो. स्वयंसेवकांनी आपली मर्यादा ओळखून गप्प बसावे असा नियमही करता आला असता. व्हारा यांनी उलट केले. २ फेब्रुवारी १९५४ रोजी त्यांनी स्वयंसेवकांना एकत्र बोलावून सांगितले की, यापुढे टेलिफोन प्रथम तुम्हीच उचलावयाचा. स्वतःकडे त्यांनी निवड, देखरेख आणि कठीण प्रसंगी लागणारे समुपदेशन एवढे ठेवले. हा दिवस व आरंभ यांत अवघ्या तीन महिन्यांचे अंतर आहे. आमच्या मते या सेवेचा खरा जन्मदिवस हाच होय.

‘समॅरिटन्स’ हे नावही त्यांनी दिलेले नाही. डिसेंबर १९५३ मध्ये ‘डेली मिरर’ या दैनिकाने आपल्या बातमीच्या मथळ्यात चांगल्या शोमरोन्याचा उल्लेख केला आणि तेच नाव चिकटले. वार्ताहराने दृष्टांत किती बारकाईने वाचला होता ते सांगता येत नाही. परंतु त्या वाटेने याजक व लेवी दोघेही निघून गेले आणि थांबला तो धर्मकार्याशी ज्याचा काही अधिकार मानला जात नव्हता असा मनुष्य, हे ध्यानी घेता नाव फारच चपखल बसले.

असे का घडते?

त्या स्वयंसेवकांजवळ असे काय होते? या प्रश्नाचे उत्तर पवित्र शास्त्राच्या वाचकाला अगदीच अनोळखी वाटू नये. ईयोबाचे मित्र त्याच्या भेटीस आले तेव्हा सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसले. तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. चुकले ते तोंड उघडल्यावर. त्यांचे ईश्वरविज्ञान पाहिले तर त्यातील पुष्कळसे भाग आपण आजही व्यासपीठावरून सांगतो. परंतु राखेत बसलेल्या माणसासमोर ते सांगितले गेले आणि त्याचे शस्त्र झाले. एलीयाचा प्रसंग त्याहून बोलका आहे. रतामाच्या झुडपाखाली बसून तो मरण मागतो. देवदूत त्याला दोष देत नाही, त्याच्या विश्वासाची परीक्षाही घेत नाही. भाकर व पाणी देतो, झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाचा प्रश्न पुढे येतो, होरेबावर. आणि तोही प्रश्नच आहे, उपदेश नव्हे.

आत्यंतिक निराशेत मनुष्याची दृष्टी आकुंचित होते. समोर दोनच वाटा दिसतात, असह्य वेदना किंवा शेवट. बाहेरून दिलेला सल्ला कितीही शहाणपणाचा असला तरी तो त्या अरुंद जागेत शिरत नाही. उलट ‘यालाही कळले नाही’ अशी आणखी एक नोंद होते. परंतु कोणी घाई न करता ऐकत आहे असे जाणवले की तो स्वतःच बोलता बोलता आपल्या दुःखाची मांडणी करू लागतो, आणि मांडणी होताच त्याला थोडे अंतर लाभते. मरणाची इच्छा पुष्कळ वेळा लाटेसारखी येते व ओसरते. ती ओसरेपर्यंत सोबत असणे यातच कित्येकांचे प्राण वाचतात.

आम्ही विद्यार्थ्यांकडून एक छोटा सराव करून घेत असू. दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने आपली एखादी खरी चिंता सांगावी आणि दुसऱ्याने दहा मिनिटे केवळ ऐकावे. सल्ला नाही, वचन नाही, स्वतःचा अनुभवही नाही. दोन-तीन मिनिटे झाली नाहीत तोच खोलीत चहूकडून ‘देव आपल्या सामर्थ्याबाहेर परीक्षा होऊ देत नाही’ या आशयाचे बोल ऐकू येऊ लागत. बोलणाऱ्याचे समाधान होण्यापूर्वी ऐकणाऱ्याची अस्वस्थता शमविण्याची ही घाई असते, हे मुलांना तेव्हा पटत असे. आम्हालाही ते उशिराच पटले.

उपदेशाला मज्जाव

समॅरिटन्सच्या नियमांपैकी एक नियम आमच्या वाचकांना खटकेल. स्वयंसेवकाने आपला धर्म, आपले राजकारण किंवा आपले तत्त्वज्ञान टेलिफोन करणाऱ्यावर लादू नये, असा हा नियम आहे. एका पाळकाने, एका मंदिराच्या तळघरात सुरू केलेल्या सेवेत सुवार्ता सांगण्यास बंदी! यावर व्हारा यांच्यावर टीकाही झाली. ज्यांना बोलण्याची व सुधारण्याची फार हौस आहे असे उमेदवार तर ते निवडीतच बाजूला काढीत.

आमचे मत असे की, हा नियम श्रद्धेच्या अभावातून आलेला नाही. टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला असलेला मनुष्य उठून जाऊ शकत नाही. तो बुडत आहे. बुडणाऱ्याला कबुलीच्या अटीवर हात देणे याला सेवा म्हणता येणार नाही. जखमी माणसाची भाषा, देश व उपासना विचारून शोमरोनी थांबला असे दृष्टांतात कोठेही नाही. मात्र याचा अर्थ पाळकाने कधीच प्रार्थना करू नये असा नव्हे. समोरच्याने मागितली तर ती अवश्य करावी. मागितली नाही तर आपली प्रार्थना मनातल्या मनात चालू ठेवण्यास कोणाची हरकत आहे?

सर्वच देशांत मंडळ्यांनी हा मार्ग धरला असे मात्र नाही. न्यूयॉर्कमध्ये बॅप्टिस्ट पाळक हॅरी वॉरेन यांनी १९०६ सालीच अशा लोकांसाठी संस्था काढली होती. बर्लिनमध्ये १९५६ साली सुरू झालेली जर्मन टेलिफोन-सेवा आजही मंडळ्यांच्या आश्रयाने चालते व तिच्या नावातच आत्म्याची काळजी हा शब्द आहे. सिडनीमध्ये मेथडिस्ट पाळक ॲलन वॉकर यांनी १९६३ साली ‘लाइफलाइन’ सुरू केली. रूपे वेगळी असली तरी प्रशिक्षित सामान्य माणसाने ऐकावे, हे सूत्र सर्वत्र सारखेच राहिले.

वाढ आणि तिचे प्रश्न

लंडनबाहेरील शाखा १९५९ मध्ये एडिंबरो येथे निघाली. १९६३ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली, आणि १९७४ मध्ये इतर देशांतील केंद्रांना जोडणारी ‘बिफ्रेंडर्स इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. १९९४ पासून ई-मेलद्वारेही उत्तरे देण्यास आरंभ झाला. २०१५ मध्ये टेलिफोन विनामूल्य झाला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ब्रिटन व आयर्लंड मिळून दोनशेच्या आसपास शाखा आणि वीस हजारांच्या घरात स्वयंसेवक होते.

अशा वाढीबरोबर शिस्त अपरिहार्य होते. स्वयंसेवकाची निवड, काही आठवड्यांचे प्रशिक्षण, अनुभवी साथीदाराबरोबर बसून काम शिकणे, आणि पाळी संपल्यावर घरी जाण्यापूर्वी आपले मन वरिष्ठाजवळ मोकळे करणे, ही पद्धत ठरून गेली. शेवटची गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. दुसऱ्याचे ओझे ऐकणाऱ्याने ते एकट्याने घरी नेऊ नये, हे त्या संस्थेला लवकर उमगले. आमच्या खेड्यापाड्यांतील धर्मशिक्षक मात्र वर्षानुवर्षे ते एकट्यानेच नेतात, आणि मग त्यांचा चिडखोरपणा हा स्वभावदोष समजला जातो.

वाढीचा एक वादही नोंदविला पाहिजे. व्हारा २००३ पर्यंत, म्हणजे वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षापर्यंत, वॉलब्रुकचे पाळक होते. पुढच्याच वर्षी त्यांनी आपण स्थापन केलेल्या संस्थेविषयी उघड नाराजी व्यक्त केली. मरणाच्या दारी उभ्या असलेल्यांसाठी ही सेवा होती. ती आता सर्वसाधारण भावनिक आधाराची सेवा होत चालली आहे, असा त्यांचा आक्षेप होता. संस्थेचे म्हणणे असे की, मनुष्य कड्याच्या टोकाला येण्याची वाट का पाहावी? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आमचा कल संस्थेकडे झुकतो, कारण ‘सहज आलो होतो’ असे म्हणणारा मनुष्य आपण टोकाला आहोत की नाही हे स्वतःही निश्चित सांगू शकत नाही. व्हारा २००७ च्या नोव्हेंबरात निवर्तले. त्यांचा तो जुना टेलिफोन वॉलब्रुकच्या मंदिरात काचेच्या पेटीत ठेवला आहे.

आपल्या देशात

चेन्नईत १९८६ साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली, तीही याच बिफ्रेंडर्स परंपरेतील. भारतातील परिस्थिती लंडनहून निराळी. परीक्षेच्या निकालानंतरच्या दिवसांत मुलांचे दूरध्वनी वाढतात हे लक्षात येताच ‘स्नेहा’ने केवळ ऐकण्यावर न थांबता, नापास विद्यार्थ्यांना वर्ष वाया न घालविता लगेच पुन्हा परीक्षेस बसता यावे यासाठी शासनाकडे पाठपुरावा केला, आणि तमिळनाडूत तशी सोय झाली. खेड्यांत कीटकनाशके घरात न ठेवता गावातील एका सामायिक कुलूपबंद जागी ठेवण्याचा प्रयोगही झाला. ऐकण्याचे काम करणाऱ्याला समाजातील दुखणी कोठे आहेत हे इतरांच्या आधी कळते, आणि कळल्यावर गप्प बसता येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रात. कायदा मात्र बदलला आहे व पाळकांनी तो जाणून घ्यावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पूर्वीचे ३०९ वे कलम उरलेले नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. तेव्हा ‘पोलिसांची भानगड नको’ म्हणून दवाखान्यात नेण्यास विलंब करणाऱ्या कुटुंबाला आपण निर्भयपणे धीर देऊ शकतो.

केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. बंगळूरची निम्हान्स संस्था तिचे मुख्य केंद्र असून, १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. मराठीसह वीस भाषांतून बोलता येते. बेळगाव, हैदराबाद, बडोदे किंवा इंदूर येथील आपल्या लोकांच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे. कचेरीत कन्नड, बाजारात हिंदी आणि मुलांच्या शाळेत इंग्रजी सहज बोलणारा मनुष्य रडतो मात्र मायबोलीत. तेथे धर्मशिक्षकाचे मराठी कानच कित्येकदा सर्वांत जवळचे असतात.

पाळकाने कोठे थांबावे

टेलिफोनवरचा स्वयंसेवक, प्रशिक्षित समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ ही तीन निरनिराळी माणसे आहेत. आपण बहुधा पहिल्या जागी असतो आणि स्वतःला दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी समजतो. पहिल्या जागेचे काम नीट करणे यात कमीपणा नाही.

त्या कामातील सर्वांत अवघड पायरी म्हणजे स्पष्ट प्रश्न विचारणे : ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार मनात भरेल अशी भीती पुष्कळांना वाटते. या विषयावरील अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे की, विचारल्याने धोका वाढत नाही. उलट, जे उच्चारता येत नव्हते ते कोणीतरी उच्चारले म्हणून सुटका वाटते. उत्तर ‘होय’ असे आल्यास, कसे व केव्हा असा विचार ठरला आहे का, हेही विचारावे. ठरला असेल तर त्या रात्री त्याला एकटे सोडू नये, धोक्याच्या वस्तू घरच्यांकरवी दूर कराव्यात, आणि त्याच्यासह डॉक्टरांकडे जावे किंवा त्याच्याजवळ बसूनच १४४१६ ला फोन लावावा.

गुप्ततेबद्दलही दोन शब्द. कबुलीसंस्काराची मुद्रा हा स्वतंत्र विषय आहे. तो सोडून इतर संभाषणात ‘कोणालाही सांगणार नाही’ असे सरसकट वचन देऊ नये. प्राणास धोका असल्यास मी मदत मागवीन, पण तुम्हाला सांगून मागवीन, असे आरंभीच म्हणावे. लहान मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. या दोन गोष्टी वगळता ऐकलेले शब्द आपल्या पत्नीपर्यंतही जाता कामा नयेत. प्रार्थनासभेत ‘एका बंधूसाठी विशेष विनंती’ म्हणून तर नाहीच नाही. लहान मंडळीत तो बंधू कोण हे सर्वांना पाच मिनिटांत कळते.

आणि सर्व करूनही कोणी गेला तर? कॅथॉलिक मंडळीच्या १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास मंडळीचा दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेने ते नाव त्या यादीतून काढले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने तर मानसिक व्याधी व तीव्र क्लेश यांमुळे जबाबदारी कमी होते असे मान्य करून, अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे शिकविले. आपल्या काही मंडळ्यांत मात्र अजूनही अशी प्रेतयात्रा दफनभूमीच्या कोपऱ्याकडे वळविली जाते, गीत गायिले जात नाही, आणि पाळक दोन वाक्ये बोलून निघून जातो. त्या वेळी त्या घरातील दुसरा कोणी मनुष्य, जो स्वतःही त्याच अंधारात आहे व अद्याप कोणाजवळ बोललेला नाही, तो कबरेपाशी उभा राहून आपण काय करतो हे पाहत असतो.